गव्हावरचं वाकडं पान

आमच्या वीणाचं डोहाळजेवण केलं त्या वर्षीची, म्हणजे १९८३ सालची ही गोष्ट. ऑक्टोबरातला शनिवार होता. बाल्टिमोरच्या आमच्या अरुंद घरात पंधरा बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. वीणाला हिरवी साडी नेसवली होती. फुलांचे दागिने प्रतिमाताईंनी स्वतः गुंफून आणले होते. दोन वाट्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या, एकीखाली पेढा आणि एकीखाली बर्फी. वीणा कुठली उचलणार यावरून हसणंखिदळणं चाललं होतं, तेवढ्यात स्वयंपाकघरातला फोन वाजला.

"मिसेस राजा?" पलीकडे ओटिस होता. बंदरावरच्या ह्यांच्या जुन्या टोळीचा मुकादम. तिथे ह्यांना सगळे राजा म्हणायचे. हे सकाळी "जरा बंदरावर जाऊन येतो" म्हणून निघाले ते बारा वाजले तरी आले नव्हते, आणि श्वासाचा पंप फ्रिजवर विसरून गेले होते. ओटिसला तो पंप हवा होता.

"सेंड होम," मी माझ्या इंग्रजीत म्हटलं. त्यांना घरी पाठव.

"कान्ट, मॅम. बॉम्बे शिप."

एवढंच म्हणाला. जणू त्यातच सगळं आलं. मग म्हणाला, मीच गाडी घेऊन येतो, तुम्ही पंप घेऊन दारात उभ्या राहा.

वीणाने बाहेरूनच विचारलं, "आई, कोण होतं? बाबा कुठे आहेत?"

"बंदरावर."

"आज? आई, ही इज रिटायर्ड! डॉक्टरांनी डस्टमध्ये जायचंच नाही सांगितलंय ना!"

प्रतिमाताई उठल्या. "वहिनी, तुम्ही बसा हो. आमच्या डॉक्टरांना पाठवते पंप घेऊन. नाहीतरी घरी पेपरच वाचत बसलेत."

"नको," मी म्हटलं. "मीच जाते. दोन शब्द ऐकवायचेत त्यांना. सोमवारनंतर ऐकवायला मी नसणार."

बोलून गेले आणि वीणाचा कोट चढवायला लागले. वीणा माझ्याकडे बघतच राहिली. तिला माहीत होतं, पण पंधरा बायकांना माहीत नव्हतं.

सोमवारी मी वीणाबरोबर तिच्या घरी, पश्चिमेकडे नेपरव्हिलला जाणार होते. आमचे जावई विवेकराव तिथे इंजिनिअर. बाळंतपणाला जाते असंच मी सगळ्यांना सांगितलं होतं. पण माझी ट्रंक कुणी उघडून बघितली असती तर कळलं असतं की ही बाई परत यायची नाही. देवसुद्धा मी मऊ फडक्यात गुंडाळून ठेवले होते. विमानाचं तिकीट एकेरी होतं. ह्यांना वाचता येत नव्हतं, पण पाकिटात तिकिटाचं एकच पान आहे एवढं त्यांना कळलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं, पुन्हा टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "तिकडे थंडी असते. स्वेटर घे."

बाकी काही नाही.

माझा राग जुना होता. तो सांगायचा तर १९५७ सालापासून सांगायला हवा.

हे जयगडचे, खलाशी. जहाजावरचे कागद पत्र्याच्या नळीत घालून गळ्यात अडकवायचे, म्हणून त्या कागदांनाही नळीच म्हणायचे. त्या साली ह्यांचं जहाज बाल्टिमोरला लागलं, सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, काहीतरी कारण काढून ह्यांना मारलं, आणि हे नळी गळ्यात घालून खाली उतरले ते परत चढलेच नाहीत. मी जयगडला होते, पोटात वीणा. वर्षाने एका ओळखीच्या खलाशाने एक चिठ्ठी आणून दिली. तिच्यावर इंग्रजीत पत्ता होता. "बरा आहे म्हणाला," एवढाच निरोप.

पत्ता होता, पण लिहिणार कोण? दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं तर मनातलं कसं सांगणार? खालच्या आळीत मास्तरांच्या घरात शोभाताई होत्या. त्यांच्याकडे मी दुपारची जाऊन बसायला लागले. पंचविसाव्या वर्षी पाटी धरली. मांडीवर वीणा आणि वीणाच्या डोक्यावरून पाटी. सहा महिन्यांनी मी पहिलं पत्र लिहिलं. तीन ओळी. पुढच्या आठ वर्षांत बत्तीस पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही आलं नाही. वर्षातून दोनदा पैसे यायचे, पण त्यासोबत कागदाचा चिठोराही नसायचा.

पुढे कळलं, पत्रं सगळी मिळाली होती. पण तेव्हा त्या गावात मराठी वाचणारं कुणी नव्हतं. हिंदुस्थानी खलाशांचं जहाज लागलं की हे उलट लपून बसायचे, जहाज सोडून पळालेला माणूस ना. ती पत्रं त्यांनी बिस्किटाच्या डब्यात ठेवली. १९६७ साली हाताला लागलं म्हणून इस्पितळात गेले, तिथे टाका घालताना तोंडातून "आई गं" निघालं, तसा समोरचा डॉक्टर म्हणाला, "मराठी का?" ते प्रतिमाताईंचे यजमान, त्र्यंबक आपटे, पुण्याचे. त्यांनी ओळीने तीन रविवार बसून बत्तीस पत्रं वाचून दाखवली. त्यांनीच मग ह्यांचे कागद करायला मदत केली, आणि १९६९ साली मी आणि वीणा इथे आलो. म्हणजे माझ्या घरातल्या म्हशीपासून सासूपर्यंत सगळं डॉक्टरांना मला बघायच्या आधीच ठाऊक होतं.

आल्याबरोबर मी विचारलं, "बत्तीस पत्रांना एक ओळ धाडली नाहीत?"

"काय लिहिणार?" हे म्हणाले.

"डॉक्टर भेटल्यावर तरी?"

"काय लिहिणार."

ह्यापलीकडे कधी गेलेच नाहीत. आणि मग माझंही एक वाक्य ठरून गेलं. भांडण भाजीवरून असो की बर्फ उपसण्यावरून, शेवट तोच. "मी तुमच्यासाठी पाटी धरली, तुम्ही माझ्यासाठी एक रेघ ओढली नाहीत." वीणा होती तोवर घरात दुसरे आवाज होते. ती लग्न होऊन गेली आणि त्या घरात माझं ते एक वाक्य आणि ह्यांचा खोकला, दोनच उरले.

ओटिस आला. लांबलचक तपकिरी गाडी. दारातल्या बायका बघून त्याने टोपी काढली आणि माझ्या केसांतल्या गजऱ्याकडे बघून म्हणाला, "समबडी गेटिंग मॅरीड?"

"बेबी," मी पोटाकडे हात करून दाखवला. त्याचे डोळे एवढे मोठे झाले की मला घाईघाईने म्हणावं लागलं, "नॉट मी! डॉटर!"

तो स्टिअरिंगवर हात मारून हसला. मला हसू आलं, पण ते मी आवरलं. मी रागात निघाले होते.

ओटिस आणि हे पंचवीस वर्षं एका टोळीत होते. तेव्हा बंदरावर गोऱ्यांची युनियन वेगळी आणि काळ्यांची वेगळी. ह्यांना कुठे घालावं हे कुणाला कळेना, तेव्हा ओटिसच्या बापाने आपल्या टोळीत घेतलं. पुढे दोन्ही युनियन एक झाल्या, पण तोवर काम कमी व्हायला लागलं होतं. वाटेत ओटिस नेहमीसारखा बोट दाखवत बोलत होता. ह्या धक्क्याला कलिंगडांची गलबतं लागायची, तिथे आता काचेची दुकानं आणि मासे बघायचं घर झालं. त्या शेडमध्ये शंभर माणसं पोती वाहायची, आता पलीकडच्या किनाऱ्यावर क्रेन एकेक लोखंडी पेटी उचलते आणि त्याला चार माणसं पुरतात. साखरेच्या कारखान्याचा जळका गोड वास मात्र गाडीत तसाच आला. तो वास आला की मला हे कामावरून आल्यासारखं वाटायचं. चौदा वर्षं तो वास आणि गव्हाची धूळ मी ह्यांच्या शर्टांतून धुऊन काढली होती.

पण बंदर मी आतून कधी बघितलं नव्हतं. ह्यांनी कधी नेलं नाही, मी कधी म्हटलं नाही.

गव्हाच्या धक्क्यावर गहू साठवायचे उंच सिमेंटचे बुरूज होते. त्यांच्या पायाशी रेल्वेचे डबे उभे होते, पार पश्चिमेकडून आलेले. हे विवेकरावांना म्हणायचे, "तुमच्या गावावरून डबे येतात, आमच्या गावाला गहू जहाजात चढतो. एका टोकाला जावई, दुसऱ्या टोकाला सासरा." एवढा एक विनोद ह्यांना यायचा.

फाटकावरच्या माणसाने मला गजरा काढायला लावला आणि अंबाड्यावर पिवळं हेल्मेट ठेवलं. अंगावर इरकल साडी, त्यावर वीणाचा कोट, पायात वीणाचे बूट, हातभर हिरव्या बांगड्या आणि मुठीत पंप. जहाजाची शिडी चढताना मी मनात शब्द जुळवत होते. मुलीच्या डोहाळजेवणाला बाप घरात नको? पाहुण्यांसमोर माझी ही शोभा? शेवटचं वाक्य तर तयारच होतं.

वर गेले तर माणसं एका चौकोनी तोंडाभोवती उभी होती. जहाजाच्या पोटाचं तोंड. एवढे दहाबारा धिप्पाड पुरुष, पण कुणी बोलत नव्हतं. ओटिसने मला कडेला उभं केलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी खाली बघितलं. गहू वरपर्यंत भरला होता, पुरुषभर खाली. ह्यांचं काम मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. नळातून पडणारा गहू मधे ढीग करतो, कोपरे रिकामे राहतात. ते कोपरे फावड्याने भरून गहू सपाट करायचा, नाहीतर समुद्रात गहू एका बाजूला सरकतो आणि जहाज कलंडतं. आता बरंचसं काम यंत्र करतं, पण शेवटचा हात माणसाचाच लागतो. गहू अंगणासारखा सपाट होता. आणि त्याच्या मधोमध हे होते, अनवाणी. बूट कडेला काढून ठेवले होते. फावडं उलटं धरून, दांड्याने, मागे मागे सरकत रेघ ओढत होते.

आधी मला कळेना काय चाललंय. खाली एक चौकोन. त्यात तीन ठिपके. वर एक उभा दांडा आणि त्याला पानं. एक, दोन, तीन, चार. मग पाचवं. डावीकडचं पाचवं पान त्यांनी काढलं ते मुद्दाम खाली वाकवून, वाकडं काढलं.

माझा हात आपोआप कोटाच्या बाहीवर गेला.

माझ्या डाव्या हातावर तुळस गोंदलेली आहे. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत गोंदवली. सुई टोचली तसा मी हात ओढला आणि डावीकडचं पान वाकडं झालं. गोंदणारीण मला शिव्या देत होती आणि हे बाजूला उभे राहून हसत होते. ते पान अजून तसंच आहे.

"एव्हरी बॉम्बे शिप," ओटिस माझ्या कानाशी म्हणाला. अठ्ठावन्न सालापासून, त्याचा बाप मुकादम होता तेव्हापासून. पहिल्यांदा सगळे हसले होते. पण राजाची खूण काढलेलं एकही जहाज वाटेत कललं नाही, म्हणून मग तो नियमच झाला. जहाज ग्रीक असो की अमेरिकन, मुंबईला गहू नेणारं असलं की राजाची खूण काढल्याशिवाय झाकण लावायचं नाही. मधे बरीच वर्षं मुंबईला गहू जातच नव्हता. ह्या वर्षी पुन्हा जायला लागला, म्हणून ओटिसनेच ह्यांना बोलावलं होतं. हे सगळं सांगून तो म्हणाला, "चाळीसएक जहाजं झाली असतील. काय आहे ती खूण? देवाची आहे?"

मी बाही तशीच धरून खाली बघत राहिले. माझं इंग्रजी तेवढं नव्हतं.

मला रेशनचं दुकान आठवलं. सहासष्ट-सदुसष्ट साली जयगडला अमेरिकेचा लाल गहू यायचा. आम्ही भात खाणारी माणसं, त्याच्या पोळ्या चामड्यासारख्या व्हायच्या. मी तो शिव्या देत कोंबड्यांना घातला होता. "ह्यांना ठेवून घेतलंन् आणि हे पाठवलंन्," असं मी त्या गव्हाला म्हणायची.

खाली हे वाकले. गव्हाला हात लावून कपाळाला लावला, पाय लागला म्हणून. आणि वर उभ्या त्या दहाबारा माणसांनीही, पोलिश काय न् काळे काय, कडेच्या लोखंडाला बोटं लावून आपापल्या टोप्यांना लावली. त्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. पंचवीस वर्षं बघून सवय झाली होती.

ओटिसने हात देऊन ह्यांना वर ओढलं. श्वासाची नुसती शिट्टी वाजत होती. मला बघून हे दचकले.

"तू इथे कशाला?"

"पंप विसरलात."

त्यांनी पंप घेतला, दोनदा ओढला. भुवया, मिशा, कान सगळं गव्हाच्या धुळीने पांढरं झालं होतं. मी विचारलं, "हे कधीपासून?"

"पहिल्या जहाजापासून."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? पोचत थोडंच होतं. जहाज हललं की पुसतं."

"मग काढायचं कशाला?"

त्यांनी पंप पुन्हा एकदा ओढला. मग म्हणाले, "जहाज तिकडे चाललेलं असायचं ना."

जहाजाच्या पोटावर झाकणं सरकायला लागली. तो आवाज एवढा मोठा होता की पुढे बोलायचं राहिलं. माझं ठरलेलं वाक्य मी म्हटलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

घरी आलो तेव्हा बायका जेवून गेल्या होत्या. प्रतिमाताई भांडी विसळत होत्या. वीणा फुलांच्या दागिन्यांसकट पाय वर घेऊन बसली होती आणि समोर दोन्ही वाट्या तशाच पालथ्या होत्या.

"तू येईपर्यंत उघडल्या नाहीत," ती म्हणाली. मग ह्यांच्याकडे बघून, "बाबा, यू आर सो डस्टी! हात धुवा आधी."

तिने उजवीकडची वाटी उचलली. बर्फी निघाली. मुलगी. हे ती बर्फी पटकन उचलून खाणार तोच प्रतिमाताईंनी हातावर चापट मारली. "भावोजी, डोहाळे तुम्हाला लागलेत की तिला?"

संध्याकाळी मी वीणाला म्हटलं, "त्या तिकिटाला परतीचं जोडून मिळतं का, विचार विवेकरावांना."

"पण आई, तू तर म्हणाली होतीस..."

"म्हटलं होतं. आता परतीचं बघ. फेब्रुवारीतलं."

हे खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. वळले नाहीत. तसेच म्हणाले, "तरी स्वेटर घे."

नात झाली. तिला न्हाऊमाखू घालून, दोन महिने नेपरव्हिलचा बर्फ बघून मी फेब्रुवारीत परत आले. विमानतळावर हे आणि ओटिस दोघे उभे होते. देव पुन्हा फळीवर मांडले.

मुंबईचं गव्हाचं जहाज त्यानंतर ह्यांच्या हयातीत पुन्हा लागलं नाही. ओटिसही निवृत्त झाला. कधी शनिवारी येऊन बसायचा. एकदा मी बाही वर करून त्याला हात दाखवला. त्याने चष्मा लावून बराच वेळ बघितलं, वाकड्या पानावर बोट टेकवलं आणि ह्यांच्याकडे बघून मान हलवत राहिला. "ऑल धिस टाइम आय थॉट इट वॉज फॉर द शिप," एवढंच म्हणाला. हे लाजले. मी ह्यांना लाजताना तेव्हा एकदाच पाहिलं.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी तो बिस्किटाचा डबा काढला होता. ह्यांच्यासमोर बसले आणि पहिलं पत्र वाचलं. तीनच ओळी. अक्षर असं की मलाच लागेना. मग कोरा कागद घेतला आणि म्हटलं, "सांगा."

"काय?"

"ह्याचं उत्तर. मी लिहिते."

"आता?"

"आता."

तेव्हापासून दर महिन्या-दोन महिन्यांनी एक पत्र व्हायचं. पत्र माझं, वाचायचं मी, उत्तर ह्यांनी सांगायचं आणि लिहायचं पुन्हा मीच. हे फार विचार करायचे. सातव्या पत्रात मी लिहिलं होतं की पडवी पडली आणि दीर घर विकायचं म्हणतात. हे म्हणाले, "लिही, पडवी पडली ते कळलं. घर विकू नये."

"अहो, घर विकून वीस वर्षं झाली."

"असू दे. मी काय म्हटलं असतं ते लिही."

मी लिहिलं. म्हैस आजारी होती त्या पत्राला त्यांनी औषध सांगितलं. सासूबाई गेल्या त्या पत्राचं उत्तर सांगायला त्यांना तीन रविवार लागले, आणि शेवटी, "आईला मी दिसलो नाही. तू होतीस. बरं झालं," एवढंच सांगितलं.

विसाव्या पत्रात होतं की वीणाने आज पहिल्यांदा पाटीवर स्वतःचं नाव काढलं. ते वाचून झाल्यावर हे म्हणाले, "ह्याचं उद्या सांगतो. नीट सांगायला पाहिजे." मी कागद घडी न करता डब्याच्या झाकणावर ठेवला.

पत्रं बत्तीस होती. एकोणिसांची उत्तरं लिहून झाली. माझे यजमान राजाराम पावसकर १९८७ सालच्या फेब्रुवारीच्या सतरा तारखेला, मंगळवारी सकाळी, बाल्टिमोरच्या आमच्या घरी वारले.